सिंकचा नळ गळतोय : वॉशर बदलू की नळच बदलू?

कावेरी_७
नमस्कार मंडळी. विषय तसा किरकोळ आहे पण घरात तीन दिवस त्यावरून वाद चाललाय म्हणून इथे टाकतेय. आमच्या सिंकचा नळ गळतो. धो धो नाही, पण बंद केल्यावरही टप टप टप, रात्री बेडरूममध्ये ऐकू येतं. घर नेरूळला, सिडकोची जुनी बिल्डिंग. नळ भिंतीतून आलेला, वर फुलासारखी गोल चावी आणि पुढे फिरणारी लांब मान. आम्ही घर घेतलं तेव्हापासून हाच आहे, म्हणजे १८ वर्षं तर नक्कीच.

प्लंबर येऊन बघून गेला. "भाभी, पुराना माल है, इसका पार्ट नहीं मिलता, नया डालो." नळासकट २,२०० सांगितले. नवऱ्याला ऑनलाइन बघितलेला तो खेचला की बाहेर येणारा शॉवरवाला नळ हवाय, काळ्या रंगाचा. सासूबाई म्हणतात वॉशर बदला, दहा रुपयांचं काम. मला फक्त एवढंच हवंय की पाच लिटरचा कुकर आणि कळशी नळाखाली नीट जावी. तर कोणाचं ऐकू? आणि नवा घ्यायचा तर कुठल्या कंपनीचा?

खड्डेमुक्त_ठाणे
सासूबाई बरोबर आहेत. बाकीचं न वाचताच सांगतो.

चहाबाज
जॅग्वार घ्या. विषय संपला, धागा बंद करा.

घोडबंदरी
चहाबाज, एवढ्यात कुठे संपतो विषय. आम्ही कासारवडवलीला. चार वर्षांपूर्वी चांगला भारीतला क्वार्टर टर्न (पाव फेऱ्यात उघडतो-बंद होतो तो) नळ बसवला, नाव सांगत नाही कारण दोष कंपनीचा नव्हताच. उन्हाळ्यात सोसायटीला टँकर येतात, बोअरचं पाणी, त्यात बारीक रेती. या नळांच्या आत सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर घासून बसलेल्या असतात, त्यांच्यामध्ये रेतीचा एक कण गेला की चरा पडतो आणि मग कितीही आवळा, थेंब येणारच. चार वर्षांत दोन वेळा आतलं काट्रिज, म्हणजे चकत्यांसकट तो अख्खा भाग, बदललं. म्हणून आधी पाणी कसलं येतं ते बघा आणि मग कंपनी.

पाणीपुरी_वाशी
आमची आजी म्हणायची गळका नळ म्हणजे लक्ष्मी पाय न वाजवता घरातून निघून जाते. तुमची तर चांगली टप टप पाय वाजवत निघालीय.

निवृत्त_फिटर
कावेरीताई, तुर्भे एमआयडीसीत ३४ वर्षं मेंटेनन्सला काढली, त्या जोरावर चार शब्द.

गळतो म्हणजे कुठून गळतो ते आधी बघा. बंद केल्यावर तोंडातून थेंब येत असेल तर वॉशर गेलाय किंवा वॉशर जिथे टेकतो ती सीट खराब झालीय. नळ चालू असताना चावीच्या मुळाशी पाणी येत असेल तर ग्लँड (दांड्याभोवतीचं पॅकिंग), तिथला नट पाव फेरा आवळला तरी बऱ्याचदा काम होतं, नाही झालं तर दोरा भरायचा. मान फिरते तिथून झिरपत असेल तर ओ रिंग. भिंतीपाशी ओल असेल तर टेफ्लॉन (आट्यांवर गुंडाळायची पट्टी). आजार चार वेगळे आहेत, प्लंबरकडे औषध मात्र एकच, नवा नळ.

पार्ट मिळत नाही हे मला पटत नाही. अर्धा इंची नळाचा वॉशर कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे बरणीत पडलेला असतो. अख्खा स्पिंडल (चावीखालचा वॉशर लावलेला दांडा) बदलायचा असेल तर जुना काढून हातात घेऊन जायचं. नाव सांगून आणायला गेलात तर आटे जुळणार नाहीत आणि तीन खेपा होतील.

वॉशर काढलात की आत बोट घालून सीटची कड चाचपा. गुळगुळीत लागली तर दहा रुपयांत सुटलात. खडबडीत लागली, खड्डा लागला, तर नवा वॉशर आठवडाभरात कापला जाईल. सीट घासायचं हत्यार मिळतं पण हल्ली प्लंबरच्या पिशवीत ते दिसत नाही.

नवाच घ्यायचा असेल तर कंपनी नंतर. कितवा मजला? आणि गच्चीवरची टाकी तुमच्या डोक्यावर किती उंच आहे?

चहाबाज
नळाला मजला विचारणारे काका पहिल्यांदाच बघितले.

निवृत्त_फिटर
उत्तर येऊ दे, मग कळेल.

आकडेमोड
तोवर थोडा हिशोब. मागच्या वर्षी आमच्याकडे कोपरखैरण्याला हेच झालं होतं. सेकंदाला एक थेंब पडत होता. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर तासाला १८० मिली आणि दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर. खरं वाटेना म्हणून रात्री ११ ला नळाखाली तांब्या ठेवला. सकाळी साडेसहाला तांब्या भरून वाहत होता म्हणजे प्रयोग फसला. दुसऱ्या रात्री पातेलं ठेवलं, सव्वा लिटरच्या थोडं वर भरलं. वर्षाचे दीड हजार लिटर होतात. महापालिकेचं मोरबे धरण स्वतःचं आहे म्हणून आपण नवी मुंबईकर जरा निवांत असतो इतकंच.

घोडबंदरी
आमच्याकडच्या दहा हजारी टँकरचा सातवा हिस्सा झाला तो. आणि तुम्ही निवांत. बरं आहे.

काटकसरी
मी म्हणतो एवढा विचार कशाला. प्लास्टिकचा घ्या, ते पीटीएमटी म्हणतात तो. गंजत नाही, क्षार कमी धरतो, किंमत पितळेच्या पाव. आमच्या बाल्कनीत आठ वर्षं चाललाय.

नवखी_सुगरण
बाल्कनीत चालेल हो. सिंकला दिवसातून शंभर वेळा मान इकडे तिकडे होते, आमच्याकडे प्लास्टिकची मान वर्षात ढिली झाली आणि तांदूळ धुताना नळाचं तोंड हळूहळू माझ्याकडे वळायचं.

काटकसरी
स्वस्त प्लास्टिक घेतलं असेल.

नवखी_सुगरण
स्वस्त मिळतं म्हणून तर घ्यायला सांगताय ना!

खड्डेमुक्त_ठाणे
हाहाहा. काटकसरी, यावर काय उत्तर?

काटकसरी
ठीक आहे, सिंकला पितळ घ्या. पण हल्ली वरून चकचकीत आणि आतून भलतंच असतं. लोहचुंबक घेऊन जा, चिकटला तर पितळ नाही.

निवृत्त_फिटर
काटकसरी, अर्धंच बरोबर. चिकटला तर पितळ नाही हे खरं, पण नाही चिकटला म्हणून पितळ ठरत नाही. स्वस्त नळ जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, त्यांनाही चुंबक चिकटत नाही, चांगलं ३०४ स्टीलही धरत नाही. हातात घेऊन वजन बघा. आणि भिंतीत जातो तो आट्यांचा भाग बघा, तिथे मुलामा पातळ असतो किंवा नसतोच, पितळेचा पिवळा रंग डोकावतो. करड्या रंगाचं काही दिसलं तर परत ठेवा. आपल्याकडचे बरेचसे पितळी सुटे भाग जामनगरहून येतात, कंपनी कुठलीही असो, त्यामुळे डब्यावरच्या चित्रापेक्षा हातातल्या वजनावर भरवसा ठेवा.

उगाच_उद्योगी
स्वतः दुरुस्ती करू बघणाऱ्यांसाठी माझी कथा, वाचून मोह आवरेल. ऐरोली, रविवार, सकाळचे अकरा, बायको माहेरी, दोन व्हिडिओ बघून झालेले. किचनचा वॉल बंद केला. तो वॉल अर्धवटच बंद होतो हे मला माहीत नव्हतं कारण बारा वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. नळ पाइप पान्यात धरला, हलेना. जोर लावला, हलला, बरं वाटलं. बाहेर आला तेव्हा त्याच्याबरोबर गंजलेल्या निपलचा (नळ आणि पाइप जोडणारा आखूड आट्यांचा तुकडा) अर्धा भाग आला आणि उरलेला अर्धा भिंतीतच राहिला. मग पाणी.

भोकावर अंगठा दाबून उभा. मोबाइल हॉलमध्ये. शेजारच्या काकूंना खिडकीतून हाका मारल्या, त्या आल्या, दार आतून बंद. मी म्हटलं गच्चीवरचा वॉल बंद करायला सांगा. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी कर्जतला लग्नाला. वॉचमन म्हणाला दुसरी किल्ली आहे पण कुठली ते बघावं लागेल, आणि खरंच एकेक लावून बघत बसला. दरम्यान काकूंनी खिडकीच्या ग्रिलमधून एक गाजर दिलं. ते भोकात फिरवून ठोकलं. दीड तास त्या गाजराने पाणी धरलं, खोटं वाटेल पण धरलं. पुढे प्लंबरने हॅक्सॉच्या पात्याने आतल्या निपलला दोन चिरा पाडल्या, छिन्नीने आत दुमडून काढला आणि ६०० घेतले. खालच्या मजल्यावरच्या पीओपीचे वेगळे.

वॉल बंद केल्यावर नळ उघडून दोन मिनिटं थांबा. धार पूर्ण थांबली तरच पान्याला हात लावा.

पाणीपुरी_वाशी
गाजर!! काकूंना नमस्कार सांगा.

उगाच_उद्योगी
काकू आजही भाजीवाल्यासमोर विचारतात, "किती इंची घेऊ?"

करवीरकर
अवांतर : हा धागा वाचून मी चक्रावलो होतो. आमच्या कोल्हापूरकडं चावी म्हणजेच नळ. "चावीला पाणी आलं का" असंच म्हणतात. इथं मूळ पोस्टमधल्या नळाला वर फुलासारखी चावी, म्हणजे नळावर नळ? कळंबोलीला नवा आलो तेव्हा सोसायटीत विचारलं चावीला पाणी कधी येतं, तर वॉचमननं कुलूप कुठलं विचारलं.

नवखी_सुगरण
आमच्या अमरावतीकडे तोटी. आणि दुकानदार इथे म्हणतो सिंक कॉक. एवढी नावं असूनही गळतो तो गळतोच.

कावेरी_७
किती छान उत्तरं! काका, आमचा चौथा मजला आणि तोच शेवटचा. टाकी बरोबर डोक्यावर, गच्चीपासून चारेक फूट उंच ओट्यावर. शॉवरलाही धार बारीकच असते. गळतं ते फक्त तोंडातून, बाकी सगळं कोरडं. आणि करवीरकर, मी यापुढे मूठ म्हणेन :-)

निवृत्त_फिटर
आता मजला का विचारला ते सांगतो, चहाबाज तुम्हीही वाचा. पाणी दहा मीटर उंचीवर असेल तर खाली साधारण एक किलो प्रेशर मिळतं, डब्यावर ज्याला बार म्हणतात जवळपास तेवढंच. ताईंच्या नळापासून टाकीतल्या पाण्यापर्यंत सगळं मोजलं, वरची भिंत, स्लॅब, ओटा, तरी साडेतीन-चार मीटर. म्हणजे अर्धा किलोही नाही. आणि खेचायच्या नळात काय असतं? बोटाएवढी बारीक होज, काट्रिजची छोटी भोकं, पुढे शॉवरची चाळणी. अशा बऱ्याच नळांना किलोभर प्रेशर मिळालं तर मजा. तुमच्याकडे तो लावलात तर कळशी भरेपर्यंत भाजी करपेल.

शिवाय तो ओट्यात भोक पाडून उभा करायचा प्रकार, तुमचा पॉइंट भिंतीत. गरम-गार मिक्सरचंही तेच, भिंतीतल्या मिक्सरला सहा इंचांवर दोन पॉइंट लागतात. तुमच्याकडे एकच, म्हणजे टाइल्स फोडा. यजमानांना सांगा की दिसायला छान आहे पण चौथ्या मजल्यासाठी नाही.

टॉवरवासी_मानपाडा
खेचायच्या नळाची बाजू कोणीतरी घ्यायला हवी म्हणून लिहितो. आम्ही २७ पैकी सहाव्या मजल्यावर, प्रेशर भरपूर, सोसायटीने उलट ते कमी करायचे वॉल लावलेत. मोठी कढई, सिंकचे कोपरे, इडलीपात्र, सगळं झकास धुतलं जातं, तीन वर्षं झाली, तक्रार नाही. एकच कटकट, होजला खाली एक वजन लटकवलेलं असतं म्हणजे ती आपोआप आत जावी, ते आमच्या सिंकखालच्या कचऱ्याच्या डब्याला अडकतं. दर वेळी खाली वाकून डबा सरकवायचा.

हां, आणि बाथरूमला क्वार्टर टर्न आहेत ते झटक्यात बंद केले की भिंतीत धाड आवाज येतो. आईला वाटायचं शेजारचे भांडतात.

निवृत्त_फिटर
जोरात धावणारं पाणी एकदम अडवलं की धडकतं. हळू बंद करा, आणि सोसायटीला तो वॉल तपासायला सांगा.

नवखी_सुगरण
कावेरी, कळशीचं म्हणशील तर मी नळ घ्यायला नौपाड्याच्या दुकानात कळशी घेऊनच गेले होते. दुकानदार हसला पण त्याने चार नळ काउंटरवर धरून दाखवले. मान उंच असली की भांडं बसतं खरं पण सिंक उथळ असेल तर पाणी उंचावरून पडून पोटावर उडतं, भांडी घासणाऱ्या मावशींनी मला दोन दिवसांत सुनावलं. आणि मान किती पुढे येते तेही बघ. धार सिंकच्या साधारण मध्यावर पडली पाहिजे, मागच्या भिंतीला लागून पडली तर कुकर तिरका धरावा लागतो.

आकडेमोड
तोंडाशी जाळी असलेला घ्या, एरेटर. हवा मिसळते, पाणी उडत नाही, वाचतंही.

घोडबंदरी
आणि कळशी भरायला दुप्पट वेळ लागतो. जेवढी कळशी तेवढंच पाणी, वाचलं काय? भांडी धुताना वाचतं, भरताना नाही.

आकडेमोड
हे मान्य. पण एक सांगतो, शटडाऊननंतर पहिलं पाणी येतं ते गढूळ असतं, तेव्हा जाळी काढून नळ सोडायचा. आमच्या इथे निम्म्या लोकांची "प्रेशर गेलं" ही तक्रार म्हणजे जाळीत अडकलेला कचरा असतो. पांढरे क्षार बसले असतील तर रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकायची, नाहीतर पिळलेल्या लिंबाची सालं आणि थोडं पाणी. सकाळी जुन्या टूथब्रशने घासली की झालं.

कावेरी_७
अपडेट. शनिवारी आम्ही दोघांनी वॉल बंद केला (दोन मिनिटं थांबलो, उद्योगी यांचं स्मरण करून), स्पिंडल बाहेर काढला. वॉशर अक्षरशः जुन्या चपलेच्या तळव्यासारखा झाला होता. नवा बारा रुपयांना मिळाला. लावला, टपटप बंद. सासूबाईंनी संध्याकाळी शिरा केला.

खड्डेमुक्त_ठाणे
बघा! पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

निवृत्त_फिटर
सीट चाचपलीत का?

कावेरी_७
काका... चाचपली. एका बाजूला खाच लागली होती. म्हटलं चालेल.

कावेरी_७
नाही चाललं. आज पाचवा दिवस, टपटप परत सुरू. शिरा संपला.

निवृत्त_फिटर
वाटलंच होतं. आता नवा घ्या. भिंतीतला, पितळी, क्वार्टर टर्न सिंक कॉक, फिरणाऱ्या मानेचा, मूठ गोल नको, दांडीसारखी घ्या, म्हणजे हात पिठाचे असले तरी कोपराने ढकलता येतं आणि सासूबाईंच्या मनगटालाही बरं. तुम्हाला टँकरचं पाणी नाही, सिरॅमिक टिकेल. जाळी काढता येते ना ते बघा, तुमच्या प्रेशरला ती काढूनच वापरावी लागेल. जॅग्वार, एस्को, सेरा, हिंदवेअर, जवळच्या दुकानात ज्याचं काट्रिज सुटं मिळतं तो घ्या. एस्को आणि जॅग्वार एकाच घरातले, एस्को जरा स्वस्तात येतो.

बसवताना समोर उभं राहा. टेफ्लॉन नळ आवळायच्या दिशेनेच गुंडाळायचं, दहा-बारा फेरे. उलटं गुंडाळलं तर आवळताना सुटत जातं. जुना काढताना मात्र धक्के नको, लोखंडी पाइप आहे, थोडा गंजावरचा स्प्रे मारून अर्धा तास थांबायला सांगा.

चहाबाज
शेवटी जॅग्वारच्या घरातच आलात ना? मी दुसऱ्याच नंबरला सांगितलेलं.

कावेरी_७
शेवटचं अपडेट. नवा बसला, दुसरा प्लंबर बोलावला, मजुरी ३५०. कळशी बसते, कुकर बसतो, धार आधीपेक्षा बरी आहे. नवऱ्याला काळा रंग मिळाला नाही म्हणून तो अजून थोडा फुगलेला आहे. सासूबाई १८ वर्षांच्या सवयीने दांडी बंद झाल्यावरही आणखी आवळायला जातात, त्यांना रोज सांगते की हा आवळायचा नसतो. प्लंबर फार सज्जन होता, जाताना म्हणाला जुना नळ मी टाकून देतो, तुम्ही कशाला कचरा ठेवता.

निवृत्त_फिटर
ताई, १८ वर्षांपूर्वीचा अस्सल पितळी नळ दिलात त्याला?

कावेरी_७
हो... का?

काटकसरी
भंगारात पितळ किलोवर जातं हो ताई!! अरेरे.

पाणीपुरी_वाशी
टप टप करत होती ती लक्ष्मी शेवटी प्लंबरच्या पिशवीतून गेली.

कावेरी_७
सासूबाईंना सांगू नका कोणी. त्यांनी कालच विचारलं, जुना कुठे ठेवलास म्हणून.